संकीर्ण

बर्फाच्या कारखान्यात जनरेटर होता,
म्हणून हर्णैच्या त्या आळीतला पहिला टीव्हीही तिथंच.
गुरुवारी रात्री मिरकरशेठच्या ऑफिसात
आम्ही पोरं ओल्या भुशाच्या पोत्यांवर बसून
प्रश्नमंजूषा बघायचो.
उत्तरांपेक्षा मला नियम आवडायचे.
घंटा आधी वाजवेल त्याचा प्रश्न.
येत नसेल तर 'पास',
मग तो शेजारच्या गटाला, निम्म्या गुणांत.
चुकलात तर गाठीचेही जातात.

खाली बंदरात सगळं उलटं.
लिलावात पहिला बोलतो त्याला कुणी विचारत नाही,
शेवटचा आकडा टाकून जो गप्प राहू शकतो
पाटी त्याची.
आईला हा एवढाच नियम ठाऊक,
असं मी धरून चालले होते.

पुढं धामणस्कर मास्तरांनी शाळेतच स्पर्धा भरवली.
चार गट, चार आवाज:
सायकलची घंटी, आरतीतली झांज, परातीवर डाव,
आणि आम्हाला, ड गटाला,
फुटक्या होडीवरचा भोंगा.
इतिहास, विज्ञान, क्रीडा,
आणि एक चिठ्ठी 'संकीर्ण'.
रेहाना म्हणाली, म्हणजे काय गं?
मी म्हटलं, जे कुठंच बसत नाही ते.
आम्ही तीच उचलली.

चित्र ओळखा.
दापोलीहून झेरॉक्स काढून आणलेला मासा,
शाई इतकी सांडलेली
की कुठलाही मासा काळाच दिसला असता.
मी भोंगा दाबला, तोंड उघडलं,
आणि मागून, रिकामी टोपली मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांतून,
माझ्या आईचा आवाज:
"हलवा हाय तो! शेपटी बग, शेपटी!"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, लावला.
प्रेक्षकांनी सुचवल्यास प्रश्न बाद.
ड गटाचे दहा गुण वजा.
आणि कार्डावरचं उत्तर: पापलेट.
परीक्षकांचा निर्णय अंतिम.

पाच गुणांनी आम्ही हरलो.
कंपासपेटी झांजवाल्यांना गेली.
मी घरी जाऊन आईशी बोलले नाही.
तीन दिवस ती टोपली घेऊन
शाळेवरून न जाता वरच्या वाटेनं गेली,
चढ असलेल्या.

परवा तिला दापोलीत दाखवायला नेलं.
डॉक्टरीण तरुण, आवाज मऊ, हातात कागद.
आज वार कोणता?
आई माझ्याकडं बघायला लागली.
माझ्या जिभेवर बुधवार होता.
"नातेवाइकांनी बोलायचं नाही हं."

शंभरातून सात वजा करा, मग परत सात.
"शंभर काय? बांगडे?"
समजा बांगडे.
"मग सात का काढायचे? खराब निघाले?"
डॉक्टरीण हसली, तिनं काहीतरी खोडलं.

आत्ता सकाळी काय खाल्लंत?
आई बराच वेळ बोटांचे पेर मोजत राहिली,
आणि म्हणाली, "पास."

कुठून शिकली हा शब्द?
मग आठवलं, गुरुवारी रात्री
बर्फ न्यायला कुणीतरी कारखान्याच्या दारात उभं असायचं,
पाटी भरून झाली तरी उभंच.
आम्ही कधी मागं वळून बघितलं नाही.

नियमानं तो प्रश्न आता माझ्याकडं आला होता,
निम्म्या गुणांत.
तांदळाची भाकरी, आणि माझ्या हातची.
मी गिळून टाकलं.

शेवटी एक कार्ड: रेषांचा मासा, लहान पोरांच्या पुस्तकातला.
हे काय आहे, आजी?
आईनं कार्ड खिडकीकडं धरलं,
शेपटीच्या बुडाशी अंगठा फिरवला,
जिथं हलव्याला खरखरीत काटेरी कड असते.
कागद गुळगुळीत.
परत फिरवला.
डॉक्टरणीच्या कागदावर दोनच चौकटी,
बरोबर आणि चूक.

टेबलावर शिपायाला बोलवायची घंटा होती.
माझा हात कधी तिच्यावर गेला कळलं नाही.
वाजायच्या आत आईनं मनगट धरलं,
अजूनही चांगली घट्ट पकड:

"थांब गो.
बोली चालू हाय अजून."